पुढची गाडी सहा चाळीसला

इथे बघण्यासारखं काय आहे, तुम्ही विचारलंत,
बॅग अजून हातातच,
नुकत्याच सुटलेल्या गाडीचा वारा अजून केसांत.
बार्सेलोनात पाच दिवस काढले, म्हणालात,
सगळं पाहून झालं.
उतरायचं होतं तारागोनाला. डोळा लागला.
लागतो असा कुणाकुणाचा डोळा,
म्हणून तर माझं कॅन्टीन चालतं.

बघण्यासारखं?
फेर्मीने डॉमिनोवरून मान वर केली.
म्हणाला, डास.
सगळे हसले. तो नाही हसला.

खरं सांगते, मला या प्रश्नाचं उत्तर
कधी जमलेलं नाही.
नगरपालिकेने एकदा माहितीपत्रक छापलं होतं,
वर एक फ्लेमिंगो, आणि तोही उलटा छापलेला,
पाय आभाळात.
दोन गठ्ठे अजून माझ्याकडे पडून आहेत,
मासळी बांधायला बरे पडतात.

बसा, म्हटलं. पुढची गाडी सकाळी सहा चाळीसला.

बंदराकाठी परातभर पिवळा भात खाल्लात ना,
खाण्याआधी फोटो काढून?
तो आमच्या चिखलातला असेल, नसेलही,
हॉटेलवाले सांगत नाहीत.
एप्रिलात कालव्यांची दारं उघडली
की चार दिवसांत सगळा मुलूख आरसा होतो.
घरं उलटी, सायकलवरचा पाद्री उलटा,
फ्लेमिंगोसुद्धा उलटे
(म्हणजे पत्रक बरोबरच होतं की काय).
पण तुम्ही आलात सप्टेंबरात.
आता लोंब्या, धूळ,
आणि कापणीच्या यंत्रामागे बगळ्यांचं वऱ्हाड,
नवरदेव कोण ते कुणालाच माहीत नाही.

वारा विचारलात. त्याला आम्ही
नुसतं वरचा वारा म्हणतो,
नदी येते तिकडून येतो म्हणून.
सुटला की तीन दिवस कुणी मोठे निर्णय घेत नाही.
माझं लग्न त्याच तीन दिवसांत ठरलं.
असो.

मग फेर्मी उठला,
अर्धा डाव तसाच टाकून.
गेल्या वीस वर्षांत त्याने डाव टाकलेला
मी पाहिलेला नाही.
चला, म्हणाला.
मीही कुलूप लावलं आणि त्याच्या जुन्या व्हॅनमध्ये
तुमच्या बॅगेवर बसले.

रस्ता संपतो तिथे वाळू. वाळू संपते तिथे
संध्याकाळचं पाणी, शांत, काहीच न केल्यासारखं.
त्याने बोट दाखवलं.
ती तिथे चूल. हा इथे दरवाजा, दक्षिणेला.
मातीच्या भिंती, वर लव्हाळ्याचं छप्पर.
अंगणापासून समुद्र इतका लांब
की आईने हाक मारली तर किनाऱ्यावर ऐकू यायची नाही,
म्हणून आम्ही तिथे खेळायचो.

तुम्ही पाहत राहिलात. पाणीच होतं.

पूर्वी नदी डोंगर खरवडून गाळ आणायची,
दरसाल थोडी नवी जमीन, माहेरच्या शिदोरीसारखी.
वर धरणं झाली. गाळ वरच अडला.
नदी येते अजून, रिकाम्या हाताने.
तुमच्या त्या शहरात एक चर्च
माझ्या पणज्याच्या आधीपासून बांधतायत,
रांग लावून लोक बघतात.
आमच्याकडे समुद्र रोज एक टाका उसवतो,
त्याला तिकीट नाही.

तुम्ही फोटो काढला नाहीत.
फक्त विचारलंत, दरवाजा नक्की कुठे?
आणि बूट काढून
गुडघाभर पाण्यात तिथवर गेलात,
आत जाण्याआधी जरा थांबलात,
कुणाच्याही घरी थांबावं तशा.
फेर्मीने तोंड फिरवलं. म्हणाला, डास फार झालेत.

सकाळी मी तुम्हाला धुरावर वाळवलेली वाम दिली,
पत्रकात गुंडाळून, पाय आभाळात.
गाडी वीस मिनिटं उशिरा आली.
तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत.

फेर्मीचा डाव तसाच मांडलेला आहे.
मी टेबल पुसते, सोंगट्यांना वळसा घालून.